माझ्या हातची कढी

माझी बांगड्याची कढी चांगली झाली, तिथेच मला शंका यायला हवी होती. हसू नका, सगळं सांगते.

लग्न होऊन मी कोल्हापूरहून मालवणजवळच्या या गावात आले, तेव्हा टोपलीतला मासा नुसता हलला तरी मी दचकायची. त्यात सासूबाई मसुऱ्याला बहिणीकडे राहायला गेल्या आणि चूल माझ्या हाती आली. सकाळी मी केलेली कढी म्हणजे निव्वळ पाणी. पण दुपारी विहिरीवरून धुणं करून यावं, तर तीच कढी दाट, आंबट-तिखट! मुरली असेल, मी म्हणायची. शेजारच्या धोंडूकाकांना वाटीभर पाठवायचीसुद्धा.

"सुनेच्या हाताक चव आसा हां," काका म्हणायचे, आणि मी दिवसभर तरंगायची.

त्या दुपारी साबण विसरला म्हणून अर्ध्या वाटेवरून परतले. मागचं दार आतून बंद. आत पाट्यावर वरवंट्याची घरघर.

घरात तर कोणी नव्हतं. संध्याकाळी सासूबाई परतणार, आणि त्यांच्यापुढे वाढायची कढी आत चोराच्या तावडीत!

आमचे हे समोरच्या शाळेत मास्तर. दशावतारात राक्षसाचं काम करतात. त्यांची आरोळी ऐकून पोरं आईच्या पदरात शिरतात. मला आत्ता तीच आरोळी हवी होती.

"अहो, लवकर या हो," मी शाळेकडे तोंड करून ओरडले.

वरवंटा थांबला. शाळेतून कोणी आलं नाही. आले धोंडूकाका, हातात कोयता, मागे दोन गडी.

"काय झाला गो?"

"काका, आत चोर आहे. वाटण वाटतोय."

"चोर वाटण कित्याक वाटतलो?"

"भूक लागली असेल."

काकांनी मिशीवरून हात फिरवला. "मगे चोर बायलमाणूस आसतला. बापयमाणूस पाट्याक हात लावणा नाय."

कॉलेजात स्त्री-पुरुष समानतेवर भाषण करून मी बक्षीस घेतलं होतं, बरं का. पण त्या दारापुढे मला चोर सुचला, भूत सुचलं. नवरा काही सुचला नाही.

शेवटी इतकी घाबरले, की गावातल्या कुठल्याच बायकोने केलं नसेल ते केलं. नवऱ्याला नावाने हाक मारली.

"वसंत, कुठे आहात हो?"

काकांचा कोयता खाली आला. आत कोणीतरी खाकरलं. मग आमच्या राक्षसाचा अगदी बारीक आवाज आला,

"बोंबलू नको गो. हात वाटणाचे आसत, दार कसा उघडू? आणि आजपण तू मीठ घालूक इसारलंस."