ग्रीक पुतळ्यांसमोर बाबा

बाबा अमेरिकेत आमच्याकडे एकदाच आले, निवृत्तीनंतर, २००६च्या उन्हाळ्यात, एकटेच. आई आधी एकदा येऊन गेली होती, मुलीच्या जन्माच्या वेळी. तेव्हा बाबांची शाळा सुरू होती म्हणून ते आले नव्हते. बाबा आले तेव्हा आम्ही व्हर्जिनियात अ‍ॅशबर्नला राहायचो. मी एका कंपनीत डेटाबेसचं काम करत होतो आणि ग्रीन कार्डची वाट बघत होतो. वाट बघणाऱ्या माणसाला सगळीकडे सभ्य, शांत आणि शक्यतो अदृश्य राहायची सवय लागते, असं मी नंतर स्वतःला समजावत आलो. ते कारण पुरेसं नाही, हे मला तेव्हाही कळत होतं.

बाबा नागपूरच्या एका शाळेत चित्रकला शिकवायचे. पस्तीस वर्षं. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांना मुलं बसवायची, गॅदरिंगचे पडदे रंगवायचे, विज्ञान प्रदर्शनाच्या पाट्या लिहायच्या, आणि कुणी सर रजेवर असले की त्यांच्या तासाला जाऊन बसायचं. चित्रकलेच्या मास्तरला शाळेत जेवढा मान मिळतो तेवढाच त्यांना होता. पण त्यांना ग्रीक कलेचं वेड होतं. ते कॉलेजात असताना तिथले शिक्षक प्लास्टरचं एक ग्रीक डोकं समोर ठेवून महिनोन् महिने चारकोलनं काढायला लावत. तसलंच एक डोकं, नाक तुटलेलं, त्यांनी कुठून तरी मिळवून शाळेतल्या कपाटावर ठेवलं होतं. मुलं त्याला हेडसर म्हणायची. मीही त्याच शाळेत होतो आणि मीही म्हणायचो.

त्या डोक्याखेरीज बाबांकडे होतं ते एक जाड पुस्तक, काळ्यापांढऱ्या फोटोंचं. अडीच हजार वर्षांपूर्वीचे पुतळे आणि मडकी त्यांनी त्या धुरकट फोटोंवरून पाठ केली होती. खरं एकही पाहिलेलं नव्हतं.

म्हणून आमच्या घरापासून तासाभराच्या अंतरावर एका म्युझियममध्ये ग्रीक दालन आहे हे कळल्यावर ते रोज सकाळी चहाच्या वेळी विचारायचे, "मग शनिवारी जमेल का रे?" तीन शनिवार मी टाळले. चौथ्या शनिवारी मुलीला ताप होता. बायको म्हणाली, "तुम्ही दोघं जाऊन या. ते काय नुसते टीव्ही बघायला आलेत का?"

गाडीत मी त्यांना सूचना दिल्या. हळू बोला. कशालाही हात लावू नका. अनोळखी माणसांशी आपणहून गप्पा मारू नका. ते "हो, हो" म्हणत खिडकीबाहेर बघत होते. भर उन्हाळ्यातही अंगात बिनबाह्यांचा स्वेटर, खाली शिवून घेतलेली पँट, पायात मी घेऊन दिलेले पांढरे बूट, आणि पोटावर पासपोर्टचा पाऊच. पाऊच घरी ठेवा म्हणून मी दोनदा सांगितलं होतं.

आधी मडक्यांचं दालन लागलं. बाबा पहिल्या काचेसमोर उभे राहिले ते हलेनात. नुसते पट्टे आणि नागमोडी रेघा असलेली जुनी मडकी, मग लाल मातीवर काळी माणसं, मग काळ्या पार्श्वभूमीवर लाल माणसं. त्यांनी मला कोपराला धरून जवळ ओढलं.

"हे पाय, नीट बघ. ही काळी आकृती आहे न, यातल्या रेघा टोकदार अवजारानं खरवडलेल्या आहेत. खरवडलेली रेघ ताठ राहते, तिला वळवता येत नाही मनासारखं. आता इकडे ये. इथे त्यानं उलटं केलं. पार्श्वभूमी काळी करून टाकली आणि आतल्या रेघा ब्रशनं काढल्या. ब्रशची रेघ वळते. म्हणून पाय, बघ, हा खांदा कसा फिरला. पाठमोरा माणूस काढता आला त्याला."

हे सगळं त्यांनी वर्गात बोलायच्या आवाजात सांगितलं. शेवटच्या बाकापर्यंत जाणाऱ्या. दोघंतिघं वळून बघत होते. मी म्हणालो, "बाबा, हळू." ते थांबले, काचेकडे वळले आणि ओठ हलवत स्वतःशीच बोलत राहिले. आज आठवतं तेव्हा वाटतं, त्यांनी मला त्या पाच मिनिटांत जे शिकवलं तेवढं मला आयुष्यात कुणीच इतकं सोपं करून शिकवलं नाही. तेव्हा मी फक्त कोण बघतंय ते बघत होतो.

पुतळ्यांच्या दालनात ते एका संगमरवरी डोक्यापाशी वाकले. केसांच्या खाचेत तांबूस रंगाचा अगदी बारीक अंश होता. पाटीवर लिहिलं होतं की हे पुतळे मुळात रंगवलेले असत. ती पाटी त्यांनी बोट धरून शब्दन् शब्द वाचली. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "मी पोरांना पस्तीस वर्षं सांगितलं की ग्रीक पुतळे पांढरे. चूक सांगितलं." घरी गेल्यावर त्यांनी त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याला, जो आता स्वतः चित्रकलेचा शिक्षक आहे, पत्र लिहिलं: मी चुकलो होतो, तू मुलांना बरोबर सांग. ते पत्र टपालात मीच टाकलं.

दालनाच्या मध्यभागी एका तरुणाचा उभा पुतळा होता, फार जुन्या काळचा. ताठ, हात अंगालगत, मुठी मिटलेल्या, डावा पाय किंचित पुढे. एक गाइडबाई दहाबारा लोकांना तिथे माहिती देत होत्या. बाबा त्या घोळक्याच्या मागे जाऊन उभे राहिले. मी दुसऱ्या भिंतीजवळ थांबलो, मुद्दाम जरा लांब.

मग बाबांनी डावा पाय पुढे टाकला. हात अंगालगत सोडले. मुठी मिटल्या. मान ताठ. तो पुतळा जसा उभा होता हुबेहूब तसे ते उभे राहिले, स्वेटर आणि पाऊचसकट. थोड्या वेळानं, नंतरच्या काळातल्या पुतळ्यांसारखं, त्यांनी सगळं वजन उजव्या पायावर घेतलं, डावा गुडघा सैल सोडला, एक खांदा खाली आला, मान हळूच वळली. मग पुन्हा पहिल्यासारखे ताठ. पुन्हा सैल. ते तपासून बघत होते, शंभर-दीडशे वर्षांत त्या शिल्पकारांना नेमकं काय कळलं ते स्वतःच्या अंगावर. दोन मुलींनी एकमेकींना ढोसलं आणि तोंडावर हात धरून हसल्या. एका माणसानं कॅमेरा वर केला.

त्याच वेळी माझ्या बाजूला उभी असलेली, साधारण साठीची एक गोरी बाई माझ्याकडे वळली. तिनं मृदू आवाजात विचारलं, ते गृहस्थ तुमच्याबरोबर आहेत का?

मी म्हणालो, "नो. आय डोन्ट नो हिम."

मला विचार करायला वेळ मिळाला नाही असं म्हणता येणार नाही. मी तिच्याकडे बघितलं, बाबांकडे बघितलं, आणि मग म्हणालो.

ती बाई "ओह" म्हणाली. तिला हसायचं नव्हतं, तक्रारही करायची नव्हती. म्हणाली, ते काय करतायत ते मला समजून घ्यायला आवडलं असतं. एवढ्यात गाइडबाईंचंही बाबांकडे लक्ष गेलं होतं. त्या थांबल्या आणि त्यांनी बाबांना विचारलं, हे पुन्हा करून दाखवाल का, सगळ्यांना? लोकांनी बाजूला सरकून त्यांना जागा दिली. बाबांचा चेहरा उजळला. ते इंग्रजीत म्हणाले, "आय अ‍ॅम ड्रॉइंग टीचर." मग शब्द सापडेनात. त्यांनी दालनभर नजर फिरवली, मी दिसलो, आणि हात लांब करून माझ्याकडे बोट दाखवत म्हणाले, "माय सन. ही विल टेल."

सगळे माझ्याकडे वळले. मी त्या बाईकडे बघितलं नाही, पण ती दिसत होती. तिनं मान खाली घातली होती आणि पर्सची चेन उघडून पुन्हा बंद करत होती. माझ्याऐवजी तीच ओशाळली होती.

मी पुढे गेलो. बाबा सांगत होते आणि मी इंग्रजीत करत होतो. "सांग त्यांना, आधीचा माणूस दोन्ही पायांवर सारखा उभा आहे, म्हणून तो खांबासारखा वाटतो. मग कुणाच्या तरी ध्यानात आलं की माणूस असा उभाच राहत नाही. तो एका पायावर भार देतो. भार दिला की कंबर तिरकी होते, खांदा उलटा तिरका होतो. सांग, एवढ्या एका गोष्टीनं दगडात जीव आला." मी म्हणालो, आधी वजन दोन्ही पायांवर असे, नंतर एका पायावर. बाबा बोलत राहिले आणि मी त्यांच्या चार वाक्यांचं एक करत राहिलो. मला तिथून निघायचं होतं. शेवटी लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या मुलींनीही. बाबांनी नमस्कार केला. ती बाई तोवर दालनातून निघून गेली होती.

खालच्या कॅफेटेरियात आम्ही घरून आणलेल्या पोळीभाजीचे रोल खाल्ले. बाबा एवढंच म्हणाले, "तू सांगताना बरंच गाळलं रे." मी म्हणालो, इंग्रजीत ते शब्द पटकन सुचले नाहीत. ते म्हणाले, "असेल." परतीच्या वाटेवर ते झोपले, किंवा डोळे मिटून बसले.

त्यांनी माझं ते वाक्य ऐकलं की नाही हे मला कळत नव्हतं. आमच्यामध्ये वीसेक फुटांचं अंतर असेल, आणि अशा दालनांत आवाज कसाही फिरतो. ऐकलं नसेल असं मी धरून चाललो. पण त्यानंतरचे दोन महिने त्यांचं चालणं बदललं. मॉलमध्ये, देवळात, मुलीच्या शाळेच्या कार्यक्रमाला, कुठेही गेलो की ते माझ्यापासून दहाएक पावलं मागे राहायचे. मी थांबलो की तेही थांबायचे, एखादी पाटी वाचल्यासारखं करायचे. बायको एकदा म्हणाली, "बाबा दमतात वाटतं हल्ली." मी म्हणालो, "वय झालंय." पाऊच त्यांनी काढून टाकला होता. दुकानात कुणी हसून बोललं तर उत्तर द्यायच्या आधी ते माझ्याकडे बघायचे, बोलू का म्हणून. आणि मी हे सगळं पाहत होतो आणि एकदाही मागे वळून त्यांच्या बरोबरीनं चाललो नाही. म्युझियममधलं ते वाक्य एका क्षणाचं होतं. हे दोन महिने क्षणाचे नव्हते. मला जास्त लाज या दोन महिन्यांची वाटते.

२००८च्या डिसेंबरात मी एकटाच नागपूरला गेलो. आई भाजी आणायला गेली होती. बाबा मागच्या अंगणात उन्हात पेपर वाचत बसले होते. मी समोर स्टुलावर बसलो आणि बरंच इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणालो, "बाबा, त्या म्युझियममध्ये एका बाईनं मला तुमच्याबद्दल विचारलं होतं..."

"माहीत आहे," ते म्हणाले. पेपर त्यांनी खाली ठेवला नाही. "ऐकलं मी. तेवढं इंग्रजी येतं मला."

मी म्हणालो, माझं चुकलं. दोन वर्षं मनात घोळवलेलं सगळं ऐन वेळी नाहीसं झालं होतं.

त्यांनी पान उलटलं. मग म्हणाले, "तुझ्या आईला मी सांगितलं नाही. तूही सांगू नको. तिला फार लागेल."

"तुम्हाला?" मी विचारलं.

त्यांनी पेपर मांडीवर ठेवला. मग चष्मा काढून स्वेटरच्या कडेनं पुसत म्हणाले, "लागलं न. लागणार नाही का?" एवढं बोलून त्यांनी चष्मा लावला आणि विचारलं की पोरीची परीक्षा कधी आहे. मी सांगितलं, मार्चमध्ये. तेवढ्यात फाटक वाजलं आणि मी उठून आईच्या हातातल्या पिशव्या घ्यायला गेलो.

आईला मी आजही सांगितलेलं नाही.