गुलाबसाठी उकळलेला काढा

कुरखेड्याची बायनाबाई जंगलातून हिरडा, बेहडा, डिंक आणून विकायची. नवरा गेल्यापासून ती धाकट्या भावाकडे, गुलाबकडे राहत होती. गुलाबच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या, तेव्हा त्याच्या बायकोनं, रिनानं, आपली एक दिली. नागपूरला ऑपरेशन झालं आणि गुलाब पुन्हा आपलं पंपदुरुस्तीचं दुकान उघडू लागला.

फक्त सर्दी-खोकला त्याची पाठ सोडेना. नवी किडनी टिकवायच्या गोळ्यांमुळे प्रतिकारशक्ती कमी राहणारच, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. बायनाबाईला ते बघवेना. तिनं गुळवेल आणून काढा केला. रिना शेतावर गेली की ती पेला भावापुढे धरायची.

"डॉक्टरले इचारू का, बाई?"

"झाडपाल्याले काय इचारतं? पे."

मोठ्या बहिणीला त्यानं कधी नाही म्हटलं नव्हतं.

पावसाळा सरता सरता त्याचे पाय सुजले. नागपूरला तपासणीत कळलं, शरीर नव्या किडनीवर उलटलं होतं.

"गोळ्या चुकवल्या?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"नाई."

"दुसरं काही घेतलं?"

"नाई," म्हणून गुलाब खाली पाहू लागला.

रिना शेजारीच बसली होती. मागे उभी असलेली बायनाबाई पुढे झाली. "मी पाजत होती," ती म्हणाली. "गुळवेल."

डॉक्टरीणबाई ओरडल्या नाहीत. परकी किडनी दिसली की रक्तातल्या पांढऱ्या पेशीच्या आत कॅल्शियम वाढतं, ते निरोप्याचं काम करतं, निरोप पोचला की पेशी चवताळते, असं त्यांनी समजावलं. गुलाबची गोळी तो निरोप पेशीच्या आतच अडवत होती.

"गुळवेल या पेशींना चेतवू शकते. तिच्यामुळेच झालं असं खात्रीनं नाही सांगता येत. पण आता थेंबही नको."

इंजेक्शनं देऊन किडनी वाचली, पण पहिल्यासारखी चालेना.

"खात्री नाई म्हणाल्या ना त्या," गुलाब घरी पुन्हा पुन्हा सांगायचा. बायनाबाईला त्याचा आधार वाटत नसे. रिना भांडली असती तर बरं झालं असतं. रिना भांडली नाही. नवऱ्याचं पिण्याचं पाणीसुद्धा मात्र ती आता स्वतःच भरून ठेवायची.

धानाची कापणी सुरू झाल्यावर बायनाबाईनं तिला बांधावर गाठलं. "मले एकदा बोल तरी, रिना."

रिना पेंढी बांधत राहिली. "काय बोलू, बाई? तुम्ही त्यायच्या भल्यासाठीच केलं, मले ठाऊक हाय. पण किडनी माही होती ना."

बांधलेली पेंढी उचलून ती निघाली. खाली पडलेली दुसरी पेंढी उचलून बायनाबाई रिनाच्या मागे चालू लागली.