मोंगमरीच्या राहीबाई

रोज सकाळी नार्नूरला वांगी विकायला जाणाऱ्या राहीबाईंना राग यायला वेळ लागत नसे, अन् जायलाही. पण त्या सोमवारी आला तो मुक्कामालाच आला.

झालं असं, की देवानंदच्या ऑटोत त्या सगळ्यांच्या आधी येऊन आतल्या गादीवर बसल्या. वाटेत एक गुरुजी चढले, तसा देवानंद म्हणाला, "काकू, उठा. मांगच्या फळीवर बसा. टोपल्याचं पाणी गयते."

पाणी? टोपली कोरडी ठणठणीत होती! भाडंही सगळ्यांना सारखंच. पण भाजीवाल्या बायांनी मागच्या फळीवर पाय लोंबकळत बसायचं, असा त्या ऑटोचा कायदा होता. तो कोणी केला, कोण जाणे. राहीबाई उतरल्या, टोपली डोक्यावर घेतली अन् कानाला खडा लावला. आत जागा मिळेल तेव्हाच या गाडीत पाय ठेवायचा. बायांना फुकट असलेली सरकारी बस फाट्यावर यायची दहाला, तोवर गिऱ्हाईक घरी पोचलेलं. म्हणजे दोन कोस पायीच.

संध्याकाळी त्या तळपायाला तेल चोळत होत्या. उटनूरच्या कॉलेजात शिकणारी नात रंजीता इतिहास घोकत होती.

"आजी, तुह्यासारखंच अमेरिकेत झालं होतं, एकोणीसशे पंचावन्नले. काळ्या लोकायनं बसमधी मांगं बसायचं, गोरा आला का उठायचं. मंग मोंटगोमरीनं बसमधी पायच नाई ठेवला. तीनशे एक्याऐंशी दिवस पायी!"

राहीबाईंनी ऐकलं ते बाईचं नाव. मरीमाय तर गावच्या वेशीवर होतीच, ही तिचीच कोणी तिकडची बहीण असावी. मोंगमरीबाई!

"एकटी बाई वरीसभर चालली, मंग मी काऊन नाई?" त्या म्हणाल्या.

चालल्या बापड्या. तीन आठवडे चालल्या. देवानंद रोज हॉर्न वाजवत जवळून जायचा. "काकू, अमेरिकेले पोचल्या का?" फळीवरच्या बाया हसायच्या. शेजारची रेणुकाबाई तेवढी मान खाली घालायची.

बाविसाव्या दिवशी गुडघा टम्म सुजला. राहीबाई पुलाच्या कठड्यावर बसून रडल्या. घरी येऊन म्हणाल्या, "रंजे, मी हरली वं. त्या मोंगमरीबाईचे पाय लोखंडाचे असतीन."

"कोणती बाई? आजी, मोंटगोमरी गावाचं नाव हाय!"

राहीबाईंनी तेलाची वाटी खाली ठेवली. "गाव? म्हंजे गावच्या गाव चालत होतं?"

"हो. हजारो लोकं."

"अन् मी येडी एकटीच चालून राह्यली!"

त्यांना हसू आलं, स्वतःचा संतापही आला. गाव करी ते राव न करी, हे पोरीबाळींना सांगत जन्म गेला, अन् स्वतःच विसरल्या. तशाच लंगडत त्या रेणुकाबाईच्या दारात गेल्या.

"रेणुके, तुह्या टोपल्यातून पाणी गयते का?"

"नाई वो."

"मंग मांगं काऊन बसते?"

रेणुकाबाईने टोपली उलटी करून बूड चाचपून पाहिलं. तोच प्रश्न घेऊन राहीबाई आणखी नऊ घरी गेल्या.

दुसऱ्या दिवशी अकरा टोपल्या रस्त्याने निघाल्या. राहीबाईंची टोपली बाया आळीपाळीने घेत होत्या. इकडे देवानंदची पंचाईत! फळी भरल्याशिवाय गाडी हलवायची त्याला सवय नव्हती. आतले गुरुजी रोज शाळेत उशिरा पोचू लागले. नवव्या दिवशी तेच ओरडले, "अरे बाबा, बसव ना त्यांना आत!"

दहाव्या दिवशी ऑटो बायांजवळ येऊन थांबला. "बसा काकू," देवानंद रस्त्याकडे बघत म्हणाला. "आत बसा. जो आधी येईन त्याची गादी."

राहीबाईंनी टोपली फळीवर ठेवली अन् रेणुकाबाईला घेऊन आत बसल्या. गुरुजी सरकले. तीन वर्षं एकाच गाडीने जात होते, पण त्यांनी पहिल्यांदाच विचारलं, "मावशी, कोणत्या गावच्या तुम्ही?"

राहीबाईंनी पदर सारखा केला.

"मोंगमरीच्या."