कर्ण्यावरून आलेला निरोप

नव्वदच्या दशकात मी सांगली-सातारा भागातल्या शाळांतून आणि कारखान्यांतून कर्णे आणि घड्याळं बसवत होतो. ऑफिसात एक मुख्य घड्याळ असायचं आणि बाकीच्या खोल्यांतली घड्याळं तारेने त्याला जोडलेली असायची. मुख्य घड्याळाचा काटा सरकला की सगळीकडचे काटे सरकत. मुख्य चुकलं की सगळी शिस्तीत चुकत. साहेबलोकांना ही व्यवस्था फार पसंत पडायची. साताऱ्यातल्या एका शाळेत उद्घाटनाला बोलावलेले पाहुणे उशिरा आले आणि वक्तशीरपणावर बोलले. मधल्या सुट्टीची नवी घंटा अगदी वेळेवर झाली, पण भाषण चालू होतं म्हणून मुख्याध्यापकांनी ती मला बंद करायला लावली. पोरं उपाशीच बसली.

कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत लोखंडी भाग तयार करणारा एक मध्यम कारखाना होता. तिथल्या व्यवस्थापकांना घड्याळांपेक्षा कर्ण्यांचं कौतुक जास्त. पूर्वी कामगाराला घरून फोन आला तर शिपाई मशीनपर्यंत चालत जायचा, खांद्याला हात लावायचा आणि कानाशी सांगायचा. यात वेळ जातो, असं साहेबांचं म्हणणं. आता स्वागतकक्षातल्या बाईंनी माइकवरून सांगायचं होतं. कसं सांगायचं ते साहेबांनी स्वतः ठरवून दिलं होतं. आधी कामगाराचं पूर्ण नाव आणि खातं, मग निरोप, आणि शेवटी ‘त्वरित कार्यालयात उपस्थित राहावे’ किंवा ‘त्वरित निवासस्थानी प्रस्थान करावे’. कामगार चहाच्या वेळी एकमेकांना म्हणायचे, “प्रस्थान कर रं गड्या, चहा निवतोय.”

काम संपून आठवडा झाला होता. एक कर्णा गुणगुणत होता म्हणून मी दुरुस्तीला गेलो होतो आणि शिडीवर होतो. दुपार व्हायची होती. कर्ण्यातून बाईंचा आवाज आला. त्यांनी लेथवरच्या एका टर्नरचं पूर्ण नाव घेतलं. आपल्याकडे पूर्ण नाव घेतलं की बापाचंही नाव येतंच. ते नाव सगळ्या शेडमध्ये घुमलं आणि त्यापाठोपाठ निरोप आला, “आपले वडील सीरियस आहेत. त्वरित निवासस्थानी प्रस्थान करावे.”

इथे एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या भागात माणूस गेल्याचा निरोप कधी सरळ देत नाहीत. पूर्वी तार यायची, तिच्यात बाप सीरियस असल्याचं लिहिलेलं असायचं आणि तार वाचणाऱ्याच्या घरात रडणं सुरू व्हायचं. पुढे फोन आले, शब्द तोच राहिला. माणूस खरोखर आजारी असला तर ‘ॲडमिट केलंय’ म्हणतात, ‘सलाइन लावलंय’ म्हणतात. ‘सीरियस’ म्हटलं की पुढे काही विचारायचं नसतं, पायात चपला घालायच्या असतात.

शेजारची मशीन बंद झाली. मग पलीकडची. हळूहळू सगळी शेड शांत झाली. पलीकडच्या मशीनवरच्या मुसलमान मिस्त्रींनी मान खाली घालून ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हटलं. तो टर्नर हातातलं कापड चुरगाळत उभा होता. पस्तिशीचा, अंगाने थोराड, कमी बोलणारा माणूस. सकाळी येताना त्याने घरात बापाला खोकताना ऐकलं होतं, बघितलं नव्हतं. हे त्याने मला नंतर सांगितलं.

“काय न्हाई रं, जरा बरं न्हाई म्हणत्यात,” फोरमन त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला. हेही रीतीप्रमाणेच. “चल, आमी येतो संगं.”

“मला सांगा की खरं काय ते.”

“आवं, खरंच. जरा दम लागलाय.” दुसऱ्याने तोंड फिरवून सांगितलं.

साहेबांनी बाहेर येऊन आठदहा जणांना मोठ्या मनाने परवानगी दिली. दुचाक्या निघाल्या. टर्नरला गाडी चालवू द्यायची नव्हती, आणि मी कारखान्याचा माणूस नसल्याने माझी हजेरी कुणी घेणार नव्हतं, म्हणून तो माझ्या स्कूटरवर मागे बसला. त्याचं गाव कुंडल. माधवनगर सोडल्यावर तो एकदाच बोलला. “एकदा मिरजंला डॉक्टरला दावू म्हणत होतो. ऱ्हाऊनच गेलं.”

कुंडलमध्ये त्याच्या घरापुढे गाड्या लागल्या. आम्ही सगळे न बोलता आत गेलो आणि अंगणात बसलो. डोक्यावरच्या टोप्या काढून हातात घेतल्या. दहा पुरुष भर दुपारी असे टोप्या काढून अंगणात बसले म्हणजे ते मातीला, अंत्यविधीला आलेले असतात, हे गावात शेंबड्या पोरालाही कळतं. त्याची चुलती दारात आली, आमच्याकडे बघितलं आणि तिने हंबरडा फोडला. शेजारच्या बाया धावत आल्या. टर्नर चुलतीच्या गळ्यात पडून रडला. दारात बायांची गर्दी झाली, त्याला आत जाताच आलं नाही. बघता बघता माणसं जमली. कुणीतरी शेणी आणि लाकडाच्या व्यवस्थेला गेलं, दोघेजण हिरवे बांबू घेऊन आले आणि ते भिंतीशी ठेवून खाली बसले. बराच वेळ सगळे बसून राहिले. सगळं अगदी रीतसर चाललं होतं. फक्त ज्याच्यासाठी चाललं होतं तो माणूस तिथे नव्हता.

शेवटी चुलतीने डोळे पुसत विचारलं, “आरं लेकरा, मयत कवा आणणार?”

टर्नरने दाराकडे बघितलं. “हितं न्हाई व्हय?”

“हितं कुठलं? सकाळी तू गेल्यावर छातीत कळ आली तवा जीपनं सांगलीला नेलं न्हवं दवाखान्यात. तुझी आय आन् दाजी हाईत संगं. तुमीच तर घिऊन येणार न्हवं?”

“आमाला कुणी सांगितलं न्हाई.”

“मग ते गेल्याचं तुमाला कुणी सांगितलं?” बांबू आणलेल्या एका म्हाताऱ्याने विचारलं.

फोरमनने आमच्याकडे बघितलं. कुणीच सांगितलं नव्हतं. कारखान्याला शब्दावरून कळलं होतं आणि गावाला आमच्या टोप्यांवरून.

चावडीजवळच्या एसटीडी बूथवर टर्नर पळत गेला, मी मागोमाग. दवाखान्यातल्या फोनवर दाजींना बोलवायला वेळ लागला. दाजी म्हणजे त्याच्या बहिणीचे यजमान, सासऱ्यांना मामा म्हणणारे; त्यांचा आवाज मला बाहेर ऐकू येत होता.

“आवं, हाय कुठं तुमी? मामा सारखं इचारत्यात, आला का म्हणून! डॉक्टर म्हणले सीरियस हाय, म्हणून तर फोन केलता कारखान्यात. लगेच पाठवून द्या म्हणलं त्या बाईला.”

दाजींनी डॉक्टरांचा शब्द जसाच्या तसा पुढे दिला होता. ‘पाठवून द्या’चं ‘निवासस्थानी प्रस्थान करावे’ झालं, ते साहेबांच्या नियमाप्रमाणे. आणि तो दवाखाना कारखान्यापासून सायकलवर जाता येईल इतका जवळ होता.

टर्नर अंगणात परत आला तेव्हा बाया अजून रडत होत्या. “हाय अजून,” एवढंच तो म्हणाला. रडणं एकदम थांबलं. कुणाला आनंद दाखवावा की नाही ते कळेना. म्हाताऱ्याने बांबू उचलले आणि कुणाच्या नजरेला पडू नयेत असे गोठ्यामागे नेऊन टाकले.

परतीच्या रस्त्यावर टर्नर दर वळणाला माझ्या खांद्यावर बोटं रुतवत होता. “जरा पळवा,” म्हणत होता, आणि ट्रक समोर आला की “सांभाळून” म्हणत होता. ज्या बापासाठी तो जाताना रडून मोकळा झाला होता, त्याच्यासाठी आता त्याला रडता येत नव्हतं. घाई करायची होती. जाताना कसलीच घाई नव्हती, हे आम्हा दोघांनाही त्या रस्त्यावर चांगलंच कळत होतं.

दवाखान्याच्या व्हरांड्यात त्याची आई उभी होती. मुलाला बघून तिच्या डोळ्यांत पाणी आलं नाही, राग आला.

“सकाळी निरोप धाडला. कुठं हुतास इतका येळ?”

मागे आम्ही सगळे उभे होतो. फोरमन फरशीकडे बघत होता. ‘तुझ्या नवऱ्याच्या मातीला गेलो होतो’ असं त्या बाईला कोण सांगणार?

“सायबानं सोडलं न्हाई,” टर्नर म्हणाला.

त्या दिवशी साहेबांनी जे एक काम बरोबर केलं होतं, लगेच सोडण्याचं, नेमकं तेच त्यांच्याकडून काढून घेतलं गेलं.

आईने पुढे जाऊन ते आत सांगितलं. आत त्याचा म्हातारा बाप उशीवर उंच टेकून बसवलेला होता. नाकात नळी, चेहरा राखेसारखा. मुलगा दिसल्यावर त्याने हात थोडा उचलला. मुलाने तो दोन्ही हातांत धरला.

“आलास?”

“आलो.”

“सोडत न्हवता म्हणं सायब.”

“व्हय.”

“बरुबर हाय त्याचं,” म्हातारा थांबत थांबत म्हणाला. “चालू मशीन टाकून कसं येणार.”

मुलाने मान हलवली. हात सोडला नाही. दिवेलागणीच्या आधी म्हातारा गेला. तेव्हाही तो हात तसाच धरलेला होता.

कारखान्यात नंतर कामगारांनी जाऊन सांगितलं की घरचा निरोप कर्ण्यावर नको, शिपायाला पाठवा. साहेबांना कारण कळलं नाही, पण त्यांनी मान्य केलं.

तेराव्याला मी आणि फोरमन कुंडलला होतो; साहेबही स्वतः गाडीने आले. पांढरा सदरा, हातात फळांची पिशवी. त्या घरी जाणारे ते एकटेच साहेब, एवढं कबूल करायला हवं. म्हातारीने त्यांना तांब्याभर पाणी दिलं, कारण दारात आलेल्याला पाणी देतात. मग ती त्यांच्याकडे पाठ करून बसली आणि ते उठेपर्यंत तशीच राहिली. साहेब कष्टाचं मोल आणि कुटुंबाचं नातं यावर सावकाश बोलत होते. मुलाने एकदा आईकडे बघून तोंड उघडलं. फोरमनने त्याच्या गुडघ्यावर हात दाबला. त्याने तोंड मिटलं.

साहेब गाडीत बसताना मला म्हणाले, “बाई फार खचल्या आहेत.”

“हो,” मी म्हणालो.