खड्ड्यावरची चौकशी

“उतर खाली,” साहेब माझ्या नवऱ्याला म्हणाला. “पाणी किती आहे ते बघायचंय.”

कोपरला रेल्वे लायनीपलीकडे आमच्या झोपड्या होत्या. तिथेच म्युन्सिपालटीने पाण्याच्या टाकीसाठी खड्डा खणलेला. खणला आणि कंत्राटदार पळाला. पावसात तो काठोकाठ भरला. निदान बांबूंचं कुंपण तरी घाला म्हणून आम्ही बायका ऑफिसात गेलेलो. शिपायाने दारातूनच हाकललं. “तुमच्या झोपड्याच बेकायदा. कुंपण कसलं मागता?”

त्या खड्ड्यात माझी सुमन गेली. पाच वर्षांची. मी धुण्याभांड्याला गेलेले, नवरा बिगारी कामावर. मोठी मुलगी जवळ होती, ती नळावर गेली तेवढ्यात. कामावरून धावत आलेल्या बापानेच सुमनला बाहेर काढलं. नाकातोंडात चिखल. मी बोटाने काढत राहिले. काढत राहिले. संपेना.

पेपरात छापून आलं म्हणून चौकशी समिती आली. जीपमधून तीन साहेब. नाकाला रुमाल. पोर कसं मेलं ते शोधायला आलेले, आणि आम्हा नवराबायकोला चोरासारखं समोर उभं केलेलं.

आणि म्हणाले, उतर.

ज्या पाण्यातून पोरीला काढलं त्यात माझा नवरा परत उतरला. साहेब लोकांनी सांगायचं आणि त्याने उतरायचं, गटारात, संडासाच्या टाकीत, जन्मभर हेच. पाणी छातीला लागलं. माझ्याकडे बघत नव्हता.

तिघा साहेबांतला एक इंजिनीयर होता, तो काठावरून बोलला, “छातीपर्यंतच आहे की. लिहा, फार खोल नाही.”

मी म्हणाले, “साहेब, माझी पोर त्याच्या कमरेलासुद्धा लागत नव्हती.”

त्याने मान वर केली नाही. “अजून पोरं किती?”

“दोन.”

“दोन आहेत ना? मग?”

मग.

मी पुढे झाले, त्याची कॉलर धरली आणि ढकलला. बुटांसकट. तळाच्या चिखलात त्याचे पाय ठरेनात, तो गटांगळ्या खायला लागला. “आता मोज!” मी किंचाळत होते. “आता सांग किती खोल आहे!” हातात दगड होता. कधी उचलला आठवत नाही. त्याचं डोकं वर आलं की घालणार होते. पण माझ्या नवऱ्यानेच त्याला धरला, काठावर चढवला. ज्या हातांनी सुमनला काढलं, त्याच हातांनी.

चौकीत मला तळपायांवर मारलं. “अधिकाऱ्यावर हात टाकतेस?” प्रत्येक फटक्याला तेच. माझी पोर कशी गेली, हे एकानेही विचारलं नाही.

घरी आले तेव्हा नवरा म्हणाला, “तो पण कुणाचा तरी पोरगा आहे गं.”

“आणि सुमन कुणाची होती?”

तो रडला. मला रडू आलं नाही.

समितीचा अहवाल आला. बालवाडीच्या बाईंनी वाचून दाखवला. पालकांचा निष्काळजीपणा. पुढे असं होऊ नये म्हणून उपाय काय? खड्ड्याशेजारी पाटी. ‘धोका. पालकांनी मुलांना सांभाळावे.’ खड्डा तसाच उघडा. माझ्या पोरीच्या मरणातून सरकार एवढंच शिकलं.

दुसऱ्या पावसाळ्यात दिवा स्टेशनजवळच्या वस्तीत उघड्या नाल्यात एक पोरगा गेला. कळलं तशी मी गेले. त्याची आई भिंतीला टेकून बसलेली, केस मोकळे, पदराची शुद्ध नाही. समोर साहेब.

“पोराकडे लक्ष कुणाचं होतं?”

ती बोलायला गेली. मी तिचा हात दाबला.

“ती नाही सांगणार. आधी तुम्ही सांगा. नाला उघडा कुणी ठेवला? नाव सांगा.”

“तू कोण गं?”

“मेलेल्या पोरीची आई.”

“पोलीस बोलावू?”

“बोलवा.”

वस्तीतल्या बायका एकेक करून माझ्या बाजूला आल्या. आम्ही जीपपुढे बसलो. पोलिसांनी झिंज्या धरून ओढलं. माझं मनगट मोडलं. साहेबाने नाव सांगितलं नाही. पण त्या दिवशी त्या आईच्या तोंडून एक शब्दही त्याला लिहून घेता आला नाही.

आता पोर कुठेही मरो, कल्याणला, मुंब्र्याला, मी जाते. साहेब येण्याआधी जाते. आईला सांगते, बाई, तू काही कबूल करू नकोस. तू गुन्हेगार नाहीस. चौकशी आपण करायची. नाव मिळेपर्यंत विचारायचं. आणि नाव मिळालं की सगळ्या आयांनी मिळून त्या माणसाच्या दारात जायचं.