माझी मशिनं, तिची खोली

मी आणि माझी मैत्रीण, आम्ही दोघींनी अंबरनाथ पश्चिमेला एकाच क्लासमध्ये नेटवर्किंगचा कोर्स केला आणि उल्हासनगरच्या एकाच सहकारी बँकेत लागलो. हुद्दा सारखा, टेबलं शेजारी. मैत्रीला कधी धक्का लागायचं कारणच नव्हतं. मग बँकेने बदलापूरला दुसरी सर्व्हर रूम काढायचं ठरवलं.

पुराचं पाणी एकदा बँकेच्या दारापर्यंत आलं होतं, तेव्हापासून साहेबांनी धसकाच घेतला होता. बँकेचे सगळे सर्व्हर मी तोवर व्हर्च्युअल केले होते. ठेवींचा, कर्जाचा, एटीएमचा असे जे वेगवेगळे डबे होते, ते आता एका मोठ्या मशीनच्या पोटात नुसत्या फायली होऊन चालायचे. फाईल असली की तिची प्रत काढता येते. उल्हासनगरला जे बदलेल तेवढंच थोड्या थोड्या वेळाने लाइनवरून बदलापूरला जायचं आणि तिथल्या प्रतीत भरलं जायचं. ती प्रत एरवी बंद. इथे काही घडलं, तर तिथली चालू करायची.

हे सगळं मी बसवलं. आणि बदलापूरची इन्चार्ज म्हणून पाठवलं तिला.

"तुम्ही इथे लागता," साहेब म्हणाले. "तिकडे काय, प्रती तर सांभाळायच्यात."

तिची खोली बदलापूर पूर्वेला, तिसऱ्या मजल्यावर. काचेचं दार, नवे एसी, उद्घाटनाला चेअरमन. माझी खोली जिन्याखाली, एसीखाली बादली. उद्घाटनानंतरच्या रविवारी आई विहारातून आली आणि चप्पल काढता काढताच म्हणाली, "तिची आई भेटली. पोरीला स्वतंत्र केबिन दिलीय म्हणे. तुला काय दिलं?"

"बादली," मी म्हणाले. आई हसली नाही. मीही नाही.

फोनवर मी तिच्याशी नीट बोलायचे, पण ती "माझ्याकडची मशिनं" म्हणाली की मी फोन लवकर आटपायचे. तिची कसली? नावं मी दिलेली, पासवर्ड मी ठरवलेले.

पुढच्या उन्हाळ्यात एका सोमवारी, ऐन गर्दीच्या वेळी, आमच्या इमारतीचा इलेक्ट्रिक पॅनल जळाला. जिन्यात धूर. सर्व्हर यूपीएसच्या बॅटरीवर होते, पण ती किती वेळ टिकणार? साहेब धावत आले. "आता?"

"आता बदलापूर," मी म्हणाले. तो शब्द उच्चारणं जिवावर आलं होतं.

मी फोन लावला. ती शांत होती. "आधी तुझ्याकडची बंद कर. शेवटचे बदल इकडे येऊ दे. दोन्हीकडची एकदम चालू राहिली तर हिशेबाला दोन फाटे फुटतील."

"मला माहितीये गं."

मी एकेक मशीन बंद केलं. शेवटचे बदल गेले. तिकडून आवाज आला, "उठली सगळी." दुपारपर्यंत बाकीच्या शाखांत पासबुकं छापली जात होती. कुणाला पत्ताही लागला नाही. साहेबांनी बदलापूरला पेढे पाठवले.

पॅनल दुरुस्त झाला. आता उलट दिशेने बदल माझ्याकडे यायला लागले. माझ्या स्क्रीनवर मूळ म्हणून बदलापूर दिसत होतं आणि प्रत म्हणून मी. सगळं सारखं झाल्यावर मी साहेबांना म्हणाले, "परत इकडे घेऊया?"

"राहू दे तिकडेच. खोली चांगली आहे ती."

त्या संध्याकाळी ती घरी आली. आईने चहा दिला. मी कपाकडे बघत बसले होते.

"रागावलीस?" तिने विचारलं.

"राग नाही. जळते मी तुझ्यावर."

तिने कप खाली ठेवला. मग म्हणाली, "बरं झालं बोललीस. मला वाटलं, माझं काही चुकलं." तिने आणखी काही समजावलं नाही, की माझी समजूतही काढली नाही. बिस्कीट बुडवून खाल्लं आणि आईशी बदलापुरात, मांजर्लीला ती बघत असलेल्या फ्लॅटबद्दल बोलायला लागली. मला हलकं वाटलं, पण जळणं थांबलं नाही. पुढे कितीतरी महिने मी रोज तिच्याकडून येणारे बदल तपासत राहिले आणि एकही कधी चुकला नाही, याचाही मला त्रास व्हायचा.

मग तिला पुण्याला नोकरी लागली. साहेबांनी मला विचारलं, "बदलापूरला जाल?" मी इतक्या घाईने हो म्हणाले की ते हसले.

शेवटच्या दिवशी तिने किल्ल्या दिल्या, कुठला एसी कधी बंद ठेवायचा ते सांगितलं. काचेच्या दाराआड मी तिच्या खुर्चीत बसले. खरंच छान वाटलं. मग ती पुण्याच्या डेटा सेंटरबद्दल सांगायला लागली. न्यायला-आणायला गाडी, हाताखाली माणसं, आपल्या बँकेच्या शाखेएवढी एकेक खोली. मी एकेक गोष्ट खोदून विचारत गेले आणि प्रत्येक उत्तरागणिक आणखी कुढत गेले.