एबीएसच्या दिव्यावर चिकटवलेली काळी पट्टी

जुनी गाडी चालवणाऱ्यांनो, हे वाचाच.

माझं जळोचीत गॅरेज आहे. आज सकाळी निरवांगीचे एक आबा अपघातातली गाडी टोचन करून घेऊन आले. गेल्या महिन्यात ती उसाच्या ट्रॉलीवर आदळली आणि त्यांची बायको दवाखान्यात वारली.

"पोरं म्हणत्यात, म्हातारपणी गाडी जमंना. पर म्या ब्रेक दाबला हुता. चाकं जाम झाली, स्टेअरिंग फिरवलं तरी गाडी सरळच गेली. तेवढं बघ."

जोरात ब्रेक दाबला तरी एबीएस चाकं जाम होऊ देत नाही; चावी फिरवली की त्याचा दिवा क्षणभर लागतो. इथं लागलाच नाही. मीटर उघडला, तर दिव्यावर आतून काळी पट्टी! ती काढताच दिवा लागला, तो विझेना. पुढच्या चाकाच्या सेन्सरची वायर कधीचीच तुटून गंजली होती. आबांना गाडी विकण्याआधी कुणीतरी बिघाड काढायचा सोडून दिवाच झाकला होता.

मी पट्टी आबांच्या हातात दिली.

"म्हंजी माझी चूक न्हवती?"

"नव्हती, आबा."

त्यांनी पट्टी घडी घालून खिशात ठेवली. मग म्हणाले, "तिला आता कसं सांगू?"

मी सेन्सर बदलला, दिवा विझला. आबा मात्र गाडी न घेताच एसटीनं गेले.

तुमच्या गाडीतला तो दिवा लागून विझतो का? आत्ताच बघून या.